मागाचा गुडघा

शैलजाच्या नव्या गुडघ्याचं येवल्यात ज्याने त्याने कौतुक केलं. एका शैलजानेच तेवढं केलं नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

विचारणार तरी कसं? बघायला येणाऱ्याला ती दिसायची ती मागावर. खड्ड्यात पाय सोडून ताठ बसलेली, बोटं रेशमाच्या कांड्या फिरवताहेत, पाय लाकडी पट्ट्यांवर आळीपाळीने पडताहेत आणि पदरावरचा मोर धाग्याधाग्याने वर चढतोय. वर्षापूर्वी हीच बाई दर घटकेला हात थांबवून गुडघा चोळत बसायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता चोळणं नाही, कण्हणं नाही. येणारा म्हणायचा, "कमाल आहे बुवा विज्ञानाची." अरविंद, तिचा नवरा, शेजारी उभा राहून मान डोलवायचा, जणू गुडघा त्यानेच घडवला होता.

आणि ते खोटं नव्हतं. मागावर तिला खरोखरच कळ येत नव्हती. पण पाहुणे गेले, माग थांबला आणि ती खड्ड्यातून उठायला लागली की दुसरी गोष्ट सुरू व्हायची. पाय सरळ झाला रे झाला की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला सुरी फिरायची. मागापासून मोरीपर्यंत भिंत धरून, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत दाराची चौकट धरून. गच्चीचा जिना तर तिने सोडूनच दिला होता. संक्रांतीला अख्खं येवलं छपरांवर चढून पतंग उडवतं. त्या दिवशी शैलजा खाली मागावर बसून वरचा आरडाओरडा ऐकत होती.

हळूहळू ती जेवायलाही मागावरच बसू लागली. भाजी तिथेच निवडायची, फोनवर तिथूनच बोलायची. शेजारच्या घरातल्या थोरल्या जाऊबाई, कमलवहिनी, एकदा म्हणाल्या, "अगं, झोपायला तरी खाली उतरतेस ना?" शैलजा हसली. आदल्या दुपारी ती मागाच्या दांडीला डोकं टेकून झोपली होती, हे तिने सांगितलं नाही.

*

शैलजा मूळची अनकाईची. येवल्याच्या गच्चीवरून उत्तरेला जुळे किल्ले दिसतात, त्यातल्या अनकाईच्या पायथ्याशी तिचं माहेर. लहानपणी ती शेळ्यांमागे पळत माथा गाठायची आणि वरच्या तळ्यात पाय सोडून बसायची. लग्न होऊन खानापुऱ्यांच्या घरात आली, तेव्हा तिने मागाला कधी हातसुद्धा लावलेला नव्हता. सासऱ्यांनी शिकवलं, आणि ती अशी शिकली की वर्षा-दोन वर्षांत सासरेच लोकांना तिचं काम दाखवायला लागले. पुढे अरविंदच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला आणि त्याला बारीक जर दिसेना. तो नक्षी सांगायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. विणायची शैलजा.

पन्नाशी यायच्या आतच तिच्या उजव्या गुडघ्याने मान टाकली. तेव्हा तिने नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा अट घातली. "गुडघा बरा झाला की मी मागावरून उतरणार. चालणार, फिरणार, अनकाई चढणार. उरलेले दिवस माझ्या पायांचे."

"उतर की," अरविंद म्हणाला. "एवढी मागावर चढवलेली पैठणी तेवढी पुरी कर. मग मागाचं सरपण केलंस तरी मी बोलणार नाही."

ती पैठणी अर्धी टाकता येण्यासारखी नव्हती. यंत्रं आता मोरसुद्धा विणायला लागली होती, अगदी हातमागासारखी, मुद्दाम एखादी चूक ठेवून. त्यामुळे खऱ्या हातमागावर कॅमेरा बसवायचा नियम आला होता. ज्या हातांनी पैठणी सुरू केली त्याच हातांनी ती संपली, हे दिसलं तरच तिला शिक्का मिळे. दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती नुसतीच साडी.

नाशिकच्या गुडघा-उपचार केंद्रातल्या डॉक्टर सानिका गरुड वयाने शैलजाच्या मुलीसारख्या होत्या आणि समजावून सांगायला त्यांना आवडायचं. "काकू, हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत गादी असते. कूर्चा म्हणतात तिला. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की आपोआप भरून येत नाही. तुमची झिजलीय. ती आपण तुमच्याच पेशींपासून नवी वाढवायची."

"गुडघ्यातल्या पेशी काढून?"

"त्या दमल्यात. नाकातल्या घेऊ. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातही कूर्चाच असते, आणि तिच्या पेशी या वयातही तरतरीत असतात. नखाएवढा तुकडा पुरे."

हे ऐकून कमलवहिनींनी पुढे आठवडाभर सगळ्या गल्लीला पुरवलं. "शैलजाचं नाक गुडघ्यात चाललंय. आता रागावली की मुरडणार काय?"

खरी गंमत मात्र पुढे होती. पूर्वीही अशा पेशी वाढवायचे, पण ती गादी मऊ निघायची, कारण कूर्चा नुसती वाढत नाही, ती भार सोसून घडते. जिथे दाब पडतो तिथे ती जाड होते, ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने आपले तंतू लावते. म्हणून या केंद्राने एक कुपी तयार केली होती. पेशींचं पातळ पटल त्या कुपीत ठेवायचं आणि रात्रंदिवस त्यावर दाब द्यायचा, अगदी त्या रुग्णाच्या गुडघ्यावर पडतो तसाच. तो कसा पडतो हे कळावं म्हणून रुग्णाने दीड-दोन महिने गुडघ्याला एक पट्टा बांधायचा. पट्टा प्रत्येक हालचाल टिपून केंद्राला पाठवी, आणि नाशिकमध्ये कुपीतली कूर्चा येवल्यातल्या पायाबरोबर घडत जाई.

"एकच लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पुढे जसं जगायचंय, तसे हे दिवस जगा. पट्टा अंघोळीपुरता काढायचा, बस."

शैलजाने पट्टा घरी आणला. पांढरा शुभ्र, मऊ, वर चिमुकला दिवा. असली वस्तू तिच्या घरात पहिल्यांदाच आली होती, आणि घरात नवी वस्तू आली की ती जपून वापरायची, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. घरातल्या रिमोटवर अजून प्लास्टिक होतं; लग्नातला चहाचा सेट फडताळातच म्हातारा झाला होता. संध्याकाळी ती रोज चालायला जायची, दुखलं तरी. पण गल्लीतली धूळ, सांडपाणी, कुत्री. पट्टा खराब व्हायचा. म्हणून ती चालायला निघताना तो काढायची, पुसायची, जरीच्या डब्यात ठेवायची आणि सकाळी मागावर बसताना स्वच्छ हातांनी बांधायची. दिवा पिवळा लागायचा. हळदीचा रंग, शुभच, असं तिला वाटायचं.

*

पैठणी पुरी झाली. शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, काठी सुटली, आणि शैलजा चालायला निघाली ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून परत आली, डोळ्यांत पाणी घेऊन.

"सुरुवातीला होणारच," अरविंद म्हणाला.

महिनाभराने त्याने तिला सहज म्हणून मागावर बसवलं. नवा ताणा चढवून ठेवला होता, नुसता बघ म्हणाला. ती बसली, पाय पट्ट्यांवर ठेवले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा गुडघा गप्प राहिला. तिला रडू फुटलं. अरविंदलाही फुटलं. त्या आनंदात तिने दोन बोटं काठ विणला, आणि वर कॅमेऱ्याचा दिवा लागला. आता ही पैठणीही तिचीच झाली.

"बसल्यावर दुखत नाही ना? मग बस की," तो म्हणायचा. मायेनेच म्हणायचा. पाठीला उशी आणून दिली, समोर पंखा लावून दिला, दुपारचा चहा हातात आणून दिला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने इतके लाड कधी केले नव्हते. त्या लाडांमध्ये बसून शैलजाचा जीव गुदमरायचा, आणि कारण सांगता येत नव्हतं. सुख टोचतंय असं कुणाला सांगणार? लोक तोंडात शेण घालतील.

*

थंडी सरल्यावर ती तपासणीला नाशिकला गेली. अरविंद औषधांच्या खिडकीपाशी रांगेत थांबला, आणि ती एकटीच आत गेली.

डॉक्टर गरुडांनी तिच्या गुडघ्याचं आतलं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. "काकू, हे तंतू बघा. पाय वाकवून बसल्यावर जिथे भार येतो ना, ती ही मागची बाजू. इथे दाट, जाड, सगळे एका दिशेने. आणि सरळ उभं राहिल्यावर भार येतो तो इथे, पुढे. इथे बघा."

शैलजाने बघितलं. पुढे तंतू विरळ होते. विरळ विणीचं कापड आधी कुठे फाटतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"तुम्ही त्या दिवसांत चालला नव्हता का?"

"रोज चालत होते की. संध्याकाळी."

"पट्टा बांधून?"

शैलजा खालच्या आवाजात म्हणाली, "काढून ठेवत होते. धुळीने खराब होईल म्हणून."

डॉक्टर हसल्या नाहीत. "म्हणजे कुपीने तुम्हाला फक्त मागावर पाहिलं. तिच्या लेखी तुम्ही कधी उठलाच नाहीत. पण काकू, हे आम्हाला इथे दिसत होतं. दिवा पिवळा म्हणजे भार एकसुरी आहे, हिरवा म्हणजे ठीक. आम्ही तीनदा फोन केला."

"मला?"

"नोंदीतल्या नंबरवर. काकांशी बोलणं झालंय. ते म्हणाले, सांगतो."

नंबर शैलजानेच दिला होता. तिच्याकडे स्वतःचा फोन होता, त्या क्षणी पिशवीतच होता. पण नंबर कुणी विचारला की तिच्या तोंडून नवऱ्याचाच निघायचा. गॅसला तोच, बँकेत तोच, मुलीच्या शाळेत तोच. तिला दुसरा पाठही नव्हता.

तिने पदराने तोंड पुसलं. "आता काय?"

"तुमच्या थोड्या पेशी गोठवून ठेवल्यात. एका पटलापुरत्या. त्याहून वाढवता येणार नाहीत. फार पिढ्या वाढवल्या की त्या आपण कूर्चा आहोत हेच विसरतात आणि नुसता व्रण बनवतात. तुमच्या नाकातूनही पुन्हा काढता येणार नाहीत, पडदा पातळ आहे. म्हणजे संधी एकच. पट्टा बांधून चालावं लागेल, याच गुडघ्यावर, रोज, चढ-उतार करून. दुखेल. आणि पुढची बाजू विरळ आहे, ती त्यात पुरती झिजेल. नवं पटल धरलं तर तुम्ही चालाल. नाही धरलं, तर चालणंही नाही आणि आत्ताचं हे बिनदुखीचं बसणंही नाही. कारण जुनं काढूनच नवं बसवायचं."

"एवढंच?"

"नाही. सगळ्यात अवघड वेगळंच आहे. लंगडायचं नाही. लंगडलात तर नवा गुडघा लंगडणं शिकेल. दुखत असताना न दुखल्यासारखं चालावं लागेल."

शैलजाला हसू आलं, आणि डॉक्टर दचकल्या. "ते जमेल," ती म्हणाली. "न दुखल्यासारखं करायची सवय आहे."

तेवढ्यात अरविंद औषधं घेऊन आत आला. पेशी उरल्यात एवढं त्याने दारातूनच ऐकलं होतं. तो खुर्ची ओढून बसला आणि मनापासून म्हणाला, "उरल्यात ना? मग त्या डाव्याला वापरता येतील का हो, डॉक्टर? हल्ली हिचा डावाही कुरकुरतो, पट्टी दाबताना. दोन्ही पाय मागावर नीट झाले म्हणजे काळजी नाही."

शैलजाने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती.

*

घरी आल्यावर अरविंदने दिवा लावला, चष्मा काढून पुसायला घेतला, तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला केंद्रातून फोन आले होते?"

अरविंद पुसत राहिला. "आले होते."

"काय म्हणाले?"

"पट्टा बांधून चालवा म्हणाले."

"मग?"

"पहिल्यांदा विसरलो. शपथ घेतो, खरंच विसरलो. दुसऱ्यांदा तू पैठणीचा पदर विणायला घेतला होतास, म्हटलं दोन दिवसांनी सांगू."

"आणि तिसऱ्यांदा?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "तिसऱ्यांदा त्या पोरीने नीट समजावलं. म्हणाली, ह्या अशाच करत राहिल्या तर गुडघा बसण्यापुरताच होईल."

"तुम्ही काय म्हणालात?"

"तिला म्हटलं, सांगतो. आणि मनात म्हटलं, होऊ दे."

बाहेर कमलवहिनींचा कुकर शिट्टी देत होता. शैलजा चौकटीला धरून उभी होती आणि गुडघ्यात सुरी फिरत होती.

"तू उतरलीस की या घरात मी कोण, सांग," अरविंद म्हणाला. "डोळे गेले, विणायचा हात गेला. खानापुऱ्यांचा माग म्हणून लोक दार ठोठावतात, तेवढंच. तू अनकाईला जाणार, भावाकडे राहणार, फिरणार. मी रिकाम्या मागापुढे बसून करू काय? तुला दुखू नये असंच वाटत होतं मला. फक्त इथे दुखू नये, एवढं वाटलं."

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून संताप दुप्पट झाला. "दाराला कडी घातली असतीत ना, तर मी ती काढून तरी गेले असते. तुम्ही कडी माझ्या हाडात घातलीत."

अरविंदने चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

तिला तिथून निघून जायचं होतं. अंगणात, रस्त्यावर, कुठेही. ती दाराकडे वळली, दोन पावलं टाकली, आणि कळ अशी उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. बसायला हवं होतं. न दुखता बसता येईल अशी घरात एकच जागा होती. शैलजा भिंत धरत धरत मागापाशी गेली आणि खड्ड्यात पाय सोडून बसली. कळ थांबली. वर कॅमेऱ्याचा दिवा आपसूक लागला, तिचे पाय पट्ट्यांवर गेले, आणि आपण विणतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. नवऱ्यावर जळफळत, रडत, ती त्याच्यासाठी मोर विणत होती. हात थांबवायलाच तिला सगळा जोर लावावा लागला.

कात्री शेजारीच होती. तिने ताणा कापला नाही; इतक्या वर्षांचा हात, तो तिला कापवेना. तिने कांड्या एकेक करून डब्यात ठेवल्या, डबा अरविंदच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता शिक्का नको. दिसेल तसं तुम्ही विणा."

*

दोन दिवसांनी ती एकटी नाशिकला गेली. खिडकीतल्या मुलीने नवा पट्टा समोर ठेवला आणि नंबर विचारला. शैलजाने तोंड उघडलं, मिटलं, पिशवीतून फोन काढला. "थांब हं. माझा मला येत नाही. बघून सांगते."

त्याच संध्याकाळी ती अनकाईला भावाच्या घरी उतरली. निघताना अरविंदने विचारलं होतं, "परत कधी येशील?" तिने खरं ते उत्तर दिलं, माहीत नाही म्हणून. तो बस सुटेपर्यंत थांब्यावर उभा होता.

सकाळी तिने परकराखाली पट्टा बांधला आणि गडाच्या पायऱ्यांपाशी आली. भावाने काठी देऊ केली, ती तिने घेतली नाही. काठीही पट्ट्याला कळली असती. धूळ होती, काटे होते. पायऱ्यांपाशी येईपर्यंतच पट्टा मळला.

पहिली पायरी चढताना गुडघा पेटला. अंग आपोआप डावीकडे झुकलं, आणि तिने साडी जराशी उचलून बघितलं. दिवा पिवळा. तोच हळदीचा रंग. तिने दात आवळले, भार परत उजव्या पायावर आणला, पाय सरळ केला, पाठ ताठ केली. कळ मांडीपर्यंत चढली. पुढची पायरी. समोरून गडावरून उतरणाऱ्या दोन बाया तिच्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, या वयात झकास चढताय."

"हो ना," शैलजा म्हणाली, आणि त्या वळणाआड जाईपर्यंत हसत राहिली.

पिशवीत फोन वाजला. तिचा स्वतःचा. केंद्रातली मुलगी होती. "काकू, आमच्याकडे दिसतंय सगळं. भार एकदम बरोबर पडतोय. फार दुखतंय का?"

"फार."

"मग आज इथेच थांबायचं का?"

शैलजाने वर बघितलं. पायऱ्या कड्याच्या पोटात शिरून दिसेनाशा होत होत्या आणि तळं अजून कितीतरी वर होतं. ते या पायांनी दिसेल की नाही, नवं पटल धरेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. तिने साडी पुन्हा किंचित उचलली. मळलेल्या पट्ट्यावर दिवा हिरवा होता.

"नको," ती म्हणाली. "नव्या गुडघ्याला शिकू दे." आणि तिने दुखरा पाय पुढच्या पायरीवर सरळ ठेवला.